कोलंबियाच्या मुखावरील अ‍ॅस्टोरिया : एका काउंटीच्या ठाण्याचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्य सरकार आणि नगरपालिका यांच्यामध्ये काउंटी हा एक प्रशासकीय घटक असतो. तिचे क्षेत्र अनेकदा आपल्याकडील दोन-तीन तालुक्यांएवढे भरते, पण लोकसंख्या एका तालुक्याइतकीही नसते. आणि तिचा कारभार वरून नेमलेल्या जिल्हाधिकाऱ्याच्या हाती नसून मतदारांनी निवडून दिलेल्या आयुक्तांच्या मंडळाकडे आणि तसाच निवडून आलेल्या शेरीफकडे, म्हणजे पोलीसप्रमुखाकडे असतो. ज्या गावी काउंटीचे न्यायालय, तुरुंग, जमिनीच्या खरेदीखतांचे दप्तर आणि करआकारणीची कचेरी असते ते गाव काउंटीचे मुख्य ठाणे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात हे ठाणे आपल्याच गावी यावे म्हणून शेजारशेजारच्या वसाहतींमध्ये मोठी चुरस असे, कारण न्यायालयाच्या मागोमाग वकील, भूमापक, छापखाने आणि खानावळी येत, आणि खाण किंवा गिरणी बंद पडली तरी न्यायालय सहसा गाव सोडून जात नसे. अमेरिकेत अशी ठाणी तीन हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा इतिहास त्यांच्या काउंटीबाहेर कोणाला ठाऊक नसतो. ऑरेगन राज्याच्या वायव्य टोकावर, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ वसलेले अ‍ॅस्टोरिया हे क्लॅट्सॉप काउंटीचे ठाणे मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १०,१८१ भरली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी होती त्याहूनही कमी. आणि तरीही न्यूयॉर्कच्या भांडवलाचा, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील मजुरांचा, फिनलंडच्या समाजवाद्यांचा आणि हिंदुस्थानच्या सशस्त्र क्रांतिकार्याचा इतिहास लिहिताना या गावाला वगळता येत नाही.

याचे कारण नदीच्या मुखात आहे. कोलंबिया ही उत्तर अमेरिकेतून पॅसिफिक महासागराला मिळणारी सर्वांत मोठी नदी असून तिचा प्रचंड प्रवाह आणि महासागराच्या लाटा जेथे समोरासमोर भिडतात तेथे गाळाचे आणि वाळूचे दांडे तयार होतात. जहाजांना हा पट्टा ओलांडूनच आत यावे लागते आणि दांडे सतत जागा बदलत असल्याने कालची वाट आज उरेलच असे नाही. रॉबर्ट ग्रे या अमेरिकन कप्तानाने ११ मे १७९२ रोजी आपले जहाज या पट्ट्यावरून आत नेले आणि जहाजाचेच नाव नदीला दिले. तेव्हापासून आजवर या मुखाच्या परिसरात सुमारे दोन हजार लहानमोठ्या नौका नष्ट झाल्याचे सांगितले जाते आणि नाविकांनी या किनाऱ्याला पॅसिफिकची दफनभूमी म्हटले ते यामुळेच. दांडा ओलांडून देणारे खास वाटाडे, ज्यांना बार पायलट म्हणतात, ते १८४६ पासून येथे काम करीत आले आहेत आणि आजही परदेशी जहाजाला त्यांच्यावाचून आत येता येत नाही. १८८५ नंतर मुखाच्या दोन्ही बाजूंना दगडांचे लांबलचक बंधारे घालून प्रवाह एका वाटेत कोंडण्यात आला. दक्षिणेकडील बंधारा १९१३ मध्ये आणि उत्तरेकडील १९१७ मध्ये पुरा झाला. त्यामुळे धोका कमी झाला, पण संपला नाही.

युरोपीय जहाजे येण्यापूर्वी मुखाच्या उत्तर तीरावर चिनूक आणि दक्षिण तीरावर क्लॅट्सॉप हे एकमेकांशी नात्याने आणि भाषेने जोडलेले लोक राहत होते. देवदाराच्या फळ्यांची लांब घरे, समुद्रात जाऊ शकणाऱ्या कोरीव होड्या आणि वाळवलेल्या सामन माशाचा व्यापार यांवर त्यांचे जीवन उभे होते. किनारा आणि अंतर्भाग यांच्यामधील देवघेव त्यांच्या हातून होत असल्याने त्यांच्या भाषेच्या आधारावर चिनूक जार्गन नावाची एक सुटसुटीत व्यापारी बोली घडली, तिच्यात पुढे फ्रेंच आणि इंग्रजी शब्द मिसळले आणि ती अलास्कापर्यंत समजली जाऊ लागली. १८०५-०६ चा हिवाळा पूर्वेकडून खंड ओलांडून आलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या अमेरिकन मोहिमेने याच परिसरात, फोर्ट क्लॅट्सॉप या लाकडी गढीत काढला. त्यामुळे अ‍ॅस्टोरियाचा इतिहास १८११ पासून सुरू होतो असे जे सर्रास लिहिले जाते ते फक्त गोऱ्यांच्या वसाहतीपुरते खरे आहे.

त्या वसाहतीची कल्पना मात्र विलक्षण मोठी होती. जॉन जेकब अ‍ॅस्टर हा जर्मनीतून आलेला न्यूयॉर्कचा व्यापारी बीव्हर या प्राण्याच्या आणि सागरी पाणमांजराच्या कातड्यांवर श्रीमंत झाला होता. कोलंबियाच्या मुखाशी ठाणे बसवावे, अंतर्भागातून गोळा केलेली कातडी तेथून चीनमधील कँटन बंदरात नेऊन विकावीत, तेथून चहा आणि रेशीम न्यूयॉर्कला आणावे आणि न्यूयॉर्कहून माल भरून पुन्हा पॅसिफिककडे यावे, असे जगाला वळसा घालणारे चक्र त्याने आखले होते. त्याच्या पॅसिफिक फर कंपनीचे टॉन्क्विन हे जहाज मार्च १८११ मध्ये मुखाशी आले तेव्हा कप्तान जोनाथन थॉर्न याने वादळी पाण्यात वाट शोधण्यासाठी लहान होड्या पुढे पाठवण्याचा हट्ट धरला आणि त्यात आठ माणसे बुडाली. एप्रिलमध्ये दक्षिण तीरावर गढीचे काम सुरू झाले आणि तिला मालकाचे नाव मिळाले. त्याच वर्षी टॉन्क्विन व्हँकूव्हर बेटाजवळ तेथील मूळ रहिवाशांशी झालेल्या झगड्यात स्फोटाने नष्ट झाले. १८१२ मध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झाले, रसद तुटली, आणि ऑक्टोबर १८१३ मध्ये कंपनीच्या भागीदारांनी संपूर्ण ठाणे नॉर्थ वेस्ट कंपनी या कॅनडातील प्रतिस्पर्धी संस्थेला विकून टाकले. काही आठवड्यांनी रॅकून ही ब्रिटिश युद्धनौका गढी जिंकायला आली तेव्हा जिंकण्यासारखे काही उरलेच नव्हते. तिच्या कप्तानाने विधिपूर्वक ताबा घेऊन फोर्ट जॉर्ज असे नामकरण तेवढे केले. ज्या अ‍ॅस्टरच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्याने ते कधी पाहिलेही नाही. त्याच्याच प्रोत्साहनाने वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८३६ मध्ये अ‍ॅस्टोरिया हा ग्रंथ लिहिला आणि फसलेल्या व्यवहाराला राष्ट्रीय पराक्रमाचे रूप आले. सर्वसामान्य अमेरिकन वाचकाच्या मनात हे नाव टिकले ते या ग्रंथामुळे, गावामुळे नव्हे.

कातड्यांच्या व्यापाराच्या या कालखंडात दोन समाजांची जी सरमिसळ झाली तिच्याकडे स्थानिक इतिहासांनी दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले नाही. चिनूकांचा प्रमुख कॉमकॉमली याने आपल्या मुलींचे विवाह व्यापाऱ्यांशी लावून दिले होते, आणि या संबंधांवरच गढीतील लोकांचे अन्न आणि सुरक्षितता अवलंबून होती. त्याची कन्या आणि कातड्यांच्या ब्रिटिश कंपनीचा अधिकारी आर्चिबाल्ड मॅकडोनल्ड यांचा मुलगा रॅनल्ड हा १८२४ मध्ये फोर्ट जॉर्ज येथे जन्मला. १८४८ मध्ये परकीयांना बंदी असलेल्या जपानात तो हेतुपुरस्सर उतरला, नागासाकीत नजरकैदेत असताना त्याने जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवले, आणि पुढे अमेरिकन आरमाराशी झालेल्या वाटाघाटींत त्यांच्यापैकी काही जण दुभाषे म्हणून उपस्थित होते. मुख्य ठाणे मात्र तोवर नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट व्हँकूव्हर येथे हलले होते. १८३० च्या सुमारास हिवतापासारख्या तापाची साथ आली आणि तीत खालच्या कोलंबियाकाठच्या मूळ रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक काही वर्षांत मृत्युमुखी पडले. १८४० च्या दशकात अमेरिकन शेतकरी ऑरेगनमध्ये येऊ लागले तेव्हा त्यांना जमीन मोकळी वाटली ती या मृत्यूंमुळे. १८५१ मध्ये टॅन्झी पॉइंट या जागी अमेरिकन अधिकाऱ्यांनी क्लॅट्सॉप आणि चिनूक गटांशी करार केले, परंतु अमेरिकेच्या सिनेटने त्यांना मंजुरी दिली नाही. जमीन गेली आणि तिच्या मोबदल्याचे वचन कागदावरच राहिले.

ब्रिटनशी झालेल्या १८४६ च्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे आल्यानंतर अ‍ॅस्टोरिया पुन्हा उभे राहिले ते सरकारी कचेऱ्यांच्या आधाराने. क्लॅट्सॉप काउंटी १८४४ मध्येच स्थापन झाली होती, पण तिचे पहिले ठाणे दुसरीकडे होते आणि १८५० च्या दशकात ते अ‍ॅस्टोरियाकडे आले. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेकडील अमेरिकेचे पहिले टपाल कार्यालय १८४७ मध्ये येथे उघडले आणि जहाजांवर जकात बसवणारी कचेरीही लवकरच आली. जमिनीचे मालक जॉन शिव्हली आणि जॉन मॅक्लूर यांनी आपापल्या गावठाणांची स्वतंत्र आखणी केली. जकात अधिकारी जॉन अडेर याने कचेरी पूर्वेला काही अंतरावर नेली आणि तेथे वरचे अ‍ॅस्टोरिया नावाची प्रतिस्पर्धी वस्ती झाली. काही शे माणसांच्या गावात टपालवाले एका टोकाला आणि जकातवाले दुसऱ्या टोकाला अशी फळी पडली. नगरपालिकेची सनद १८७६ ची आहे.

त्या सुमारास गावाला उद्योग मिळाला तो सामन माशाचा. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्याच नदीत परततो. कोलंबियातील चिनूक जातीचा सामन त्यांत सर्वांत मोठा, वीस किलोपर्यंत सहज भरणारा. १८६६ मध्ये कोलंबियाकाठी पहिला डबाबंद सामनचा कारखाना निघाला, १८७० च्या दशकात अ‍ॅस्टोरियात कारखान्यांची रांग लागली आणि १८८३ मध्ये नदीवर एकोणचाळीस कारखाने चालू होते. त्या एका हंगामात सुमारे सहा लाख तीस हजार खोकी भरली गेली, आणि एका खोक्यात एकेक पौंडाचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे अठ्ठेचाळीस डबे असत. हा माल मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला जाई. जागा अपुरी असल्याने कारखानेच नव्हे, तर रस्ते आणि दुकानेही नदीच्या उथळ पाण्यात लाकडी खांब ठोकून त्यांवर उभारली गेली, म्हणजे अ‍ॅस्टोरियाचा मध्यभाग खरे पाहता पाण्यावर होता.

कारखान्याच्या आत चिनी मजूर होते. बहुतेक जण ग्वांगडोंग प्रांतातले, आणि त्यांची भरती मालक स्वतः करीत नसे; एखादा चिनी कंत्राटदार हंगामापूर्वी मजुरांना आगाऊ रक्कम देई, त्यांच्या खाण्याराहण्याची सोय करी आणि भरलेल्या प्रत्येक खोक्यामागे ठरलेल्या दराने मालकाकडून पैसे घेई. महाराष्ट्रातील ऊसतोडणीचा मुकादम आणि त्याची उचल ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. हंगाम खराब गेला तर तोटा मुकादमाच्या आणि त्याच्यामार्फत मजुराच्या वाट्याला जाई. कामाची विभागणी बारकाईची होती. पहिला कारागीर लांब सुरीच्या मोजक्या घावांत माशाचे डोके, पर आणि शेपूट उडवून पोट साफ करी आणि निष्णात माणूस दिवसात हजाराहून अधिक मासे हातावेगळे करी. पुढचे लोक खवले खरवडून मासा थंड पाण्यात धूत, त्यानंतर डब्याच्या उंचीएवढे तुकडे पाडले जात, ते चिमूटभर मिठासह हाताने डब्यात दाबले जात आणि झाकणाला डाख लावून डबे मोठ्या भट्टीत शिजवले जात. सुरुवातीला हे डबेही पत्रा कापून तेथेच हाताने बनवलेले असत. हंगामात अ‍ॅस्टोरियाच्या रहिवाशांचा फार मोठा हिस्सा चिनी होता. त्यांना कारखान्याबाहेर मासे धरू दिले जात नव्हते, कारण गोऱ्या मच्छिमारांनी तो धंदा आपल्याकडे राखून ठेवला होता. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने नवे मजूर येणे थांबले, उरलेले वृद्ध होत गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मासा कापण्याचे यंत्र आले तेव्हा त्या यंत्राला चिन्यांसाठी वापरली जाणारी शिवीच नाव म्हणून देण्यात आली. या लोकांच्या श्रमावर शहर उभे राहिले याची जाहीर नोंद म्हणून २०१४ मध्ये नगरपालिकेने शहराच्या मध्यभागी चिनी शैलीचे उद्यान उभारले. ही नोंद फार उशिरा झाली, पण ती सरकारी जागेवर आणि शहराच्या नावाने झाली हे महत्त्वाचे आहे.

नदीवर मासे धरणारे बहुतेक युरोपातून आलेले होते आणि त्यांत फिनलंडच्या लोकांचे बळ हळूहळू वाढत गेले. रात्री दोन माणसे शिडाच्या होडीतून गिलनेट, म्हणजे माशाचे कल्ले अडकतील अशा आकाराच्या छिद्रांचे लांब जाळे, प्रवाहाबरोबर सोडत. जाळे दांड्याच्या जितके जवळ जाई तितका मासा अधिक मिळे आणि मृत्यूही जवळ येई. होडी आणि जाळे पुष्कळदा कारखान्याच्या मालकीचे असे. १८९६ मध्ये मच्छिमारांच्या संघटनेने पौंडाला पाच सेंट मागितले, कारखानदार चारवर अडले, संप चिघळला आणि राज्याची फौज अ‍ॅस्टोरियात आणली गेली. या संपातून सुमारे दोनशे मच्छिमारांनी, त्यांत फिनिश लोक सर्वाधिक, स्वतःचा सहकारी कारखाना काढला. सहकारी साखर कारखानदारीच्या भूमीतील वाचकाला या युनियन फिशरमेन्स को-ऑपरेटिव्ह पॅकिंग कंपनीचे मोल सहज कळेल. पॅसिफिक किनाऱ्यावर मच्छिमारांच्या मालकीचा असा उद्योग यशस्वी होऊन अनेक दशके टिकला ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या भोवतीच युनियनटाउन हा फिनिश मोहल्ला वाढला: वाफेच्या स्नानगृहांचा, दारूबंदी मंडळांचा आणि दोन परस्परविरोधी सभागृहांचा. एका बाजूला चर्चनिष्ठ आणि मवाळ मंडळी, तर दुसऱ्या बाजूला समाजवादी, ज्यांचे तोवेरी हे फिनिश वृत्तपत्र १९०७ पासून येथून निघत असे आणि ज्यांनी १९११ मध्ये नाट्यगृह, वाचनालय आणि व्यायामशाळा असलेले स्वतःचे भव्य सभागृह बांधले. झारच्या राजवटीखालून निघून आलेल्या या लोकांना परकीय सत्तेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८९८ मध्ये पोर्टलँडशी रेल्वेने जोडल्यानंतर लाकूड हा दुसरा मोठा धंदा झाला आणि शहराच्या पूर्व टोकाला हॅमंड लंबर कंपनीची प्रचंड गिरणी उभी राहिली. तेथे पंजाबी मजूर आले. त्यांत शीख अधिक होते, पण हिंदू आणि मुसलमानही होते. स्थानिक लोक मात्र सर्वांनाच हिंदू म्हणत आणि गिरणीजवळच्या त्यांच्या वस्तीलाही त्यांनी तेच नाव लावले. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे १९०७ मध्ये आणि पोर्टलँडशेजारच्या सेंट जॉन्स येथे १९१० मध्ये गोऱ्या जमावांनी हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावले होते. अ‍ॅस्टोरियात तसा दंगा झाला नाही. उलट पंजाबी मल्लांच्या कुस्त्या पाहायला गावकरी जमत. येथे वर्णद्वेष नव्हता असा याचा अर्थ नाही, परंतु अनेक भाषांच्या मजुरांची सवय झालेल्या, संघटना आणि सभा रोजच्याच असलेल्या गावात या लोकांना एकत्र येऊन बोलता आले, एवढे निश्चित.

त्याच काळात पोर्टलँड परिसरात पंडित काशीराम आणि सोहनसिंग भकना हे मजुरांना संघटित करीत होते आणि त्यांच्याबरोबर वर्ध्याचा एक तरुण होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे लष्करी शिक्षण घ्यावे आणि शेतीशास्त्र शिकावे अशा दुहेरी हेतूने अमेरिकेत आले होते, आणि विद्यार्थ्यांचे विचार व मजुरांचे बळ एकत्र यावे यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीचे महत्त्व महाराष्ट्रात अजूनही पुरेसे ओळखले गेलेले नाही. १९१३ च्या वसंतात लाला हरदयाळ ऑरेगनमध्ये आले, गिरण्यांच्या गावोगावी सभा झाल्या आणि मे महिन्याच्या अखेरीस अ‍ॅस्टोरियातील फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात मोठी सभा भरून पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांच्या संघटनेची स्थापना जाहीर झाली. भकना अध्यक्ष, अ‍ॅस्टोरियाच्या मजुरांपैकी केसरसिंग ठठगढ उपाध्यक्ष, हरदयाळ चिटणीस आणि काशीराम खजिनदार अशी तिची रचना होती. मुख्य कचेरी सॅन फ्रान्सिस्कोला गेली, १ नोव्हेंबर १९१३ रोजी तेथून गदर हे पत्र निघाले आणि पत्राच्या नावावरून संघटनेला गदर पक्ष म्हणू लागले. पक्षाच्या कृतिशील शाखेची जबाबदारी खानखोज्यांकडे होती. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकत असताना याच चळवळीत आले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच गिरण्यांतील मजूर पगार घेऊन हिंदुस्थानकडे निघाले; ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावाचा बेत फुटला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतरांबरोबर पिंगळे फाशी गेले. खानखोजे इराणमार्गे लढत राहिले आणि अखेर मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर संशोधन करणारे कृषितज्ज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले.

हॅमंडच्या गिरणीत काम केलेला आणखी एक माणूस भगतसिंग थिंड. अमेरिकन सैन्यात सेवा करून त्याने १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयातून नागरिकत्व मिळवले, सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा ठरत नाही असा निकाल दिला, ज्याने पुढील दोन तपे हिंदी स्थलांतरितांची नागरिकत्वाची वाट बंद केली. त्याच वर्षी ऑरेगनने नागरिकत्वाला अपात्र परकीयांना जमीन घेण्यास बंदी केली. अ‍ॅस्टोरियाचेही वारे फिरले होते. १९२२ मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या प्रॉटेस्टंट वर्चस्ववादी संघटनेने कॅथलिकांविरुद्ध आणि परकीयांविरुद्ध प्रचार करून शहराच्या निवडणुकीत आपले उमेदवार निवडून आणले. त्या सप्टेंबरात हॅमंडची गिरणी जळाली आणि ती पुन्हा बांधली गेली नाही. पंजाबी वस्ती पांगली.

८ डिसेंबर १९२२ च्या पहाटे शहराचा मध्यभाग पेटला. लाकडी खांबांवरच्या रस्त्यांखाली जी पोकळी होती तिच्यातून आग वाऱ्यासारखी पसरली, अग्निशामकांच्या पायांखालूनच पुढे सरकली आणि तीस-एक गल्लीचौक भस्मसात झाले. पुनर्बांधणी करताना रस्ते सिमेंट-काँक्रीटचे झाले आणि काही वर्षांत मध्यवस्ती नव्याने उभी राहिली. आजचे अ‍ॅस्टोरिया एकाच काळात बांधलेले दिसते ते त्यामुळे. १९२५ मध्ये लिबर्टी हे नाट्यगृह सुरू झाले. १९२६ मध्ये कॉक्सकोम्ब टेकडीवर ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आणि अ‍ॅस्टर घराण्याच्या पैशातून सव्वाशे फूट उंचीचा स्तंभ उभारला गेला, ज्याच्या अंगावर ग्रेच्या आगमनापासून रेल्वेपर्यंतचा इतिहास चित्रांच्या सर्पिल पट्टीत कोरला आहे. त्या पट्टीत कारखान्यातला चिनी मजूर शोधून सापडत नाही आणि गिरणीतला पंजाबीही नाही. १९६१ मध्ये शेजारी कॉमकॉमलीच्या स्मरणार्थ होडीच्या आकाराचे काँक्रीटचे स्मारक ठेवले गेले, कारण चिनूक लोक आपल्या मृतांना होडीत ठेवून निरोप देत.

आगीतून वाचलेल्या इमारतींत १९०८ मध्ये पुरे झालेले काउंटीचे न्यायालय होते. त्याच्या समोरच कप्तान जॉर्ज फ्लेवेल या धनाढ्य बार पायलटने १८८५-८६ मध्ये बांधलेला मनोऱ्याचा वाडा आहे आणि बाजूला १९१४ चा तुरुंग. न्यायालयाभोवतीचा हा चौक पाहिला की गावाचा स्वभाव ध्यानात येतो: दांड्यावरून जहाजे नेऊन मिळवलेली संपत्ती, तिच्या समोर कायदा आणि लागूनच कोठडी, आणि हे सारे काही पावलांच्या अंतरात. मोठे बंदर होण्याची आशा मात्र कधीच फळली नाही. समुद्रावरची जहाजे अ‍ॅस्टोरियावरून पुढे दीडशे किलोमीटर आत पोर्टलँडला जात, कारण गव्हाचा मुलूख आणि रेल्वेचे जाळे तिकडे होते, आणि नदीचा गाळ उपसून पात्र जसजसे खोल झाले तसतशी अ‍ॅस्टोरियात थांबण्याची गरज कमी झाली.

सामनही आटला. अतिरेकी मासेमारी, जंगलतोड आणि वरच्या अंगाला झालेली धरणे ही त्याची कारणे. १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण पुरे झाले आणि १९४२ च्या ग्रँड कूली धरणाने तर शेकडो मैलांचे वरचे पात्र माशांना कायमचे बंद केले. कारखान्यांनी समुद्रातील ट्यूना मासा डब्यात भरून आणखी काही दशके काढली. या काळातही गावाने एक नवी गोष्ट करून पाहिली: १९४८ मध्ये एड पार्सन्स या रेडिओ व्यावसायिकाने अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या गच्चीवर अँटेना बसवून सिअ‍ॅटलचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण पकडले आणि तारेने शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवले, हा केबल टीव्हीच्या जगातील पहिल्या प्रयोगांपैकी एक होय. १९६६ मध्ये नदीवर सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा पूल झाला. शेवटचा मोठा कारखाना १९८० मध्ये बंद पडला.

त्यानंतर शहर मुख्यत्वे काउंटीच्या कचेऱ्या, तटरक्षक दल, रुग्णालय, महाविद्यालय आणि पर्यटन यांवर जगत आले. जुना तुरुंग १९७६ पर्यंत वापरात होता. १९८५ च्या द गूनीज या चित्रपटाचा आरंभ तेथे चित्रित झाला आणि आता तेथे चित्रपट संग्रहालय आहे. कारखान्यांच्या रिकाम्या शेडांत उपाहारगृहे निघाली, १९९८ पासून दर फेब्रुवारीत व्यावसायिक मच्छिमार आपल्या कविता येथे वाचून दाखवतात, आणि घरांच्या किमती मासेमारीवर जगणाऱ्यांना परवडेनाशा झाल्या आहेत. पर्यटनाने इमारती वाचल्या, पण ज्यांच्यासाठी त्या बांधल्या गेल्या त्यांच्या नातवंडांना गावात राहणे अवघड झाले, ही हानी केवळ रोजगाराच्या आकड्यांत मोजता येत नाही. २०१३ मध्ये गदर पक्षाच्या शताब्दीनिमित्त नगरपालिकेने युनियनटाउनजवळच्या नदीकाठच्या स्मारक उद्यानात फलक बसवला तेव्हा अमेरिका आणि कॅनडातून शेकडो भारतीय वंशाचे लोक आले, आणि गावातील बहुतेकांना आपल्या शहराचा हा इतिहास प्रथमच कळला. चिनूकांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २००१ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने चिनूक राष्ट्राला दिलेली अधिकृत मान्यता पुढच्याच वर्षी काढून घेतली आणि ती परत मिळवण्यासाठी त्यांचा न्यायालयीन व राजकीय लढा तेव्हापासून चालत आला. २०१९ मध्ये त्यांनी अ‍ॅस्टोरियाच्या पश्चिमेला टॅन्झी पॉइंट येथील, म्हणजे १८५१ चा करार जेथे झाला त्याच ठिकाणची, सुमारे दहा एकर जमीन बाजारभावाने पैसे मोजून विकत घेतली.